मानेतली नळी

आठ महिन्यांच्या बाळाची मान केवढी असते, हे त्या दुपारपर्यंत मला खरं तर माहीत नव्हतं. मी डायलिसिसची नर्स, पण माझा हात मोठ्यांवर बसलेला. सिल्लोडकडून आलेल्या या बाळाची जुलाबानंतर लघवीच बंद झाली होती, अंग सुजून टम्म. रक्त मशीनमधून गाळायचं तर मानेतल्या शिरेत नळी घालायला हवी, आणि शीर शेवयीएवढी. डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई सरकवली. नळीत रक्त चढलं तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले.

बाळाच्या अंगात रक्त ते किती, तांब्याभर. त्यातलं काही आता बाहेर नळ्यांतून फिरत होतं. ते थांबलं तर गोठणार, नळी बाद होणार, आणि दुसरी शीर सापडेलच याचा भरवसा नव्हता.

दहा मिनिटांत मशीनचा भोंगा वाजला. मी बाळाची मान सरळ केली, थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा डॉक्टरांचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजवीकडच्या दारात बाळाची आई उभी राहून त्याला चुचकारत होती. तिचा आवाज आला की बाळ मान तिकडे वळवायचं आणि उजव्या बाजूची ती नळी मुडपायची.

माझा पारा चढला. "बाई, गप्प बसा! बोलून बोलून जीव घ्याल त्याचा!"

ती पांढरीफटक पडली. "म्या त नुसतं हितं हाय म्हून सांगत व्हते त्याला," एवढंच म्हणाली.

ती गप्प झाली, पण बाळाची मान काही फिरेना. डोळे सुजून मिटलेले, तरी तोंड दाराकडेच. वाट बघत होतं. भोंगा वाजतच राहिला आणि माझीच मला लाज वाटली.

मी तिला हाताला धरून आत आणलं, मास्क बांधला आणि खाटेच्या डाव्या बाजूला उभं केलं. "आता बोला. थांबू नका."

मक्याच्या कणसांचं, गायीचं, दारातल्या कुत्र्याचं, सुचेल ते ती बोलत गेली. बाळानं सावकाश मान तिच्याकडे वळवली. नळी मोकळी झाली. अंगभर विष साठलेलं असताना त्या एवढ्याशा जिवाला आई नेमकी कुठं आहे ते कळत होतं! इतकी वर्षं मशीन हाताळलं, असं काही पाहिलं नव्हतं. तीन तास ती बोलत होती. शेवटी घसा बसला, तरी कुजबुजत राहिली.

पाचव्या दिवशी दुपटं ओलं झालं. ते हातात घेऊन ती वॉर्डभर मला शोधत आली, आणि मी, तिथली सगळ्यात खडूस सिस्टर, तिच्या गळ्यात पडून रडले.