काढलेल्या कार्डावरून गेलेला निरोप

मी जव्हारला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात ‘आपोआप’ असं काही नसतं — केबल सुटलेली असते, नाहीतर आतला ड्रायव्हर प्रोग्राम चुकलेला. त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं...

सूर्यमाळच्या अलीकडे एका पाड्यावर छोटं आरोग्य उपकेंद्र आहे. मोबाईलला रेंज नाही. छपरावरच्या डिशची केबल एका जुन्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला जोडलेली, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध. वीज कडाडल्यापासून नेट बंद होतं, म्हणून तिथल्या सिस्टरांनी जव्हारला येणाऱ्या एकाजवळ मला निरोप पाठवला.

दुपारी पोचलो तेव्हा धो धो पाऊस होता. आत खाटेवर जानकी नावाची बाई बाळंत होऊन पडलेली. बाळ ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं.

“आधी हे चालू करा भाऊ,” सिस्टर म्हणाल्या. “जव्हारहून गाडी मागवायचीय.”

मशीनला नेटवर्क कार्ड दिसतच नव्हतं. ड्रायव्हर पुन्हा लोड केला, केबल बदलली... शून्य. शेवटी मशीन बंद करून कार्ड उपसून काढलं. चिप जळून काळी पडलेली. सोबत आणलेलं नवं कार्ड त्या जुन्या खाचेत बसेना. बाकी मशीन तरी शाबूत आहे का, म्हणून कार्डाशिवायच चालू केलं.

तेवढ्यात जानकीचा नवरा काशिनाथ रस्ता बघून भिजून आला. “रस्त्यावरची मोरी खचली! खालून गाडी येयाची नाय.”

सिस्टर पुढे वाकून मेल टाइप करू लागल्या — बाळंतीण गंभीर, मोरी खचलिय, वरच्या पाड्याकडून या.

“सिस्टर, कार्ड माझ्या हातात आहे. मेल जाणार नाही.”

“माहितीय मला,” त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. “पण नुसतं बसवत नाही हो.”

त्यांनी ‘पाठवा’ दाबलं. मेल आउटबॉक्समध्ये अडकून पडला.

मग आम्ही जानकीला न्यायला झोळी बांधली आणि वरच्या पाड्याची वाट धरली. दुसरा इलाजच नव्हता. बराच वेळ चिखलातून चाललो. जानकी कण्हायचीसुद्धा थांबली होती. काशिनाथ सारखा म्हणत होता, “जाने, बोल ना गं काय तरी...” आणि वरच्या बाजूने हॉर्न ऐकू आला.

अँब्युलन्स होती. मी ड्रायव्हरला विचारलं, “वरून कसे आलात?”

“तुम्हीच कळवलंत ना, मोरी खचलीय म्हणून!”

जानकी वाचली. तिची मुलगी आता अंगणात कोंबड्यांमागे पळते.

नंतर मी जव्हारच्या दवाखान्यात जाऊन तो मेल बघितला. उपकेंद्राच्याच पत्त्यावरून आलेला, सिस्टरांच्याच शब्दांत. घाईत ‘खचलिय’ची वेलांटी ऱ्हस्व पडली होती, तीसुद्धा तशीच. पाड्यावर परत जाऊन मशीन उघडलं. मदरबोर्डवर दुसरं नेटवर्क नाही, वायफाय नाही. लॉगमध्ये दिवसभर एकच नोंद, कार्ड सापडत नाही. आणि मेल? तो आउटबॉक्समध्येच होता. न गेलेला.

सिस्टरांना दाखवलं. त्या हळूच म्हणाल्या, “पुसू नका हं तो.”

मी पुसला नाही. ओळखीच्या सगळ्या जाणकारांना विचारून झालंय. कोणी हसतं, कोणी म्हणतं तुझी बघण्यात चूक झाली असेल. असेलही. पण ती गाडी कोणी बोलावली, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.