उंच स्प्रिंगा, आखूड शॉकअप

माझ्या धाकट्या भावानं जीप उंच करून घेतली, तेव्हा त्यानं स्प्रिंगांसाठी नारळ फोडला. नवी गाडी आली की नारळ फोडतात, ते मला मान्य आहे. पण लोखंडी वेटोळ्यांना हळदकुंकू लावून मित्रमंडळी भोवती फोटो काढतायत, हे मी आमच्या श्रीगोंद्यातच पाहिलं. आमच्या उसाच्या पट्ट्यात असल्या गाड्यांचं पेव फुटलंय. डोंगर चढायला म्हणून करून घ्यायच्या आणि कारखान्याच्या गेटापासून चहाच्या टपरीपर्यंत डांबरीवर मिरवायच्या.

गॅरेजातल्या मिस्त्रीनं त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "दादा, स्प्रिंगा उंच घातल्या, आता हादरं झेलणारं शॉकअप बी तेवढंच लांब घ्या. जुनं आत्ताच पार ताणून बसलंय. चाक खड्ड्यात उतरलं की त्याला आनखी खाली जायला जागाच न्हाई. नुसतं आपटंल."

"खाली कोण बघतंय?" भाऊ म्हणाला आणि टपावर दिव्यांची रांग बसवायला सांगितली. भर दुपारी दिवे लावून गावातून फिरणारा माणूस तो, त्याला काय सांगणार.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मामानं अंथरूण धरलं. आईचा हा एकुलता एक भाऊ, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारा. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, हादरे टाळा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, आणि वाडीचा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड. तरी तिला जायचंच होतं. "त्याला एकदा डोळ्यानं बघते, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे," एवढंच ती म्हणायची. वाटेतल्या अकोले गावापासून पुढं तिकडचीच एखादी गाडी करू, असं मी सुचवलं. भावाला तो अपमान वाटला.

"आक्का, दारात डोंगराची गाडी असताना आई दुसऱ्याच्या गाडीत बसंल व्हय? पाळण्यातून न्हेतो तिला."

या पाळण्यात चढायला स्टूल लागलं. आईचा पाय पायरीपर्यंत पोचेना, म्हणून प्लास्टिकचं स्टूल गाडीत मागं टाकूनच आम्ही निघालो. अकोल्यापर्यंत ठीक होतं. पुढं रस्ता तुटत गेला तशी गाडी बोलायला लागली. खड्डा आला की खालून खाडकन आवाज, आणि आवाज आला की आई डोळे मिटायची. ओरडली नाही, सीटची कड घट्ट धरून बसली.

"हळू घे की जरा," मी म्हटलं.

"हळू घेतली की जास्त आपटती," भाऊ म्हणाला. अक्कल पाजळायला त्याला कुठलीही जागा चालते.

वाडीच्या चढावर पुढचं चाक खड्ड्यात उतरलं आणि शॉकअप बोल्टासकट तुटून चाकात अडकलं. भाऊ उतरला आणि गाडीखाली वाकून बघायला लागला. जीप उंच केल्यापासून पहिल्यांदाच.

"बघितलंस ना शेवटी खाली," मी म्हटलं. मला त्याची जराही दया आली नाही.

तेवढ्यात मागून दुधाची पिकअप आली. ड्रायव्हरनं पुढच्या सीटवर गोधडी घालून आईला बसवलं आणि मी मागं दुधाच्या कॅनांच्या मधे उभी राहिले. भाऊ पायी आला.

मामानं आईचा हात हातात घेतला आणि रडला. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "एवढ्या लांब कशात आलीस गं?"

"लेकानं आणलं की, त्याच्या गाडीतनं," आई म्हणाली. "पोटातलं पाणी हललं नाही."

मी तोंड उघडणार, तर तिनं पदराआडून माझा हात दाबला. मामानं भावाच्या पाठीवरून हात फिरवला, गुणाचा हाय म्हणाला. आणि आमचा हा दिवटा मान हलवत होता.

"म्या म्हनलंच हुतं आक्काला," तो म्हणाला. त्याला ते खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तुटलेलं शॉकअप तारेनं वर बांधून जीप मामाच्या दारात आणली आणि स्टूल मांडलं. आई बाहेर आली. तिनं स्टुलाकडं पाहिलं, आत मामाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात "तू हो पुढं" म्हणाली, आणि दुधाच्या पिकअपची वाट बघत ओट्यावर बसली.