ओढ्यावरची शीळ

धुळ्यात वाढलेल्या मुलीला शीळ म्हटली की एकच अर्थ ठाऊक: मागे कुणी उनाड आहे, मान खाली घालून चालायचं. लग्न होऊन यावलच्या वर सातपुड्यात आले तेव्हा मी सोळाची होते. नवरा इंग्रजी अमलातल्या जंगल खात्यात कारकून. राहायला दोन खोल्यांचं कौलारू घर, पाणी ओढ्यावरून आणायचं.

श्रावणातल्या एका पहाटे घागर बुडवताना पलीकडच्या कपारीतून शीळ आली. माणसाचीच. सूर धरायची, मध्येच भरकटायची, एखादा रिकामटेकडा गाणं आठवत बसल्यासारखी. मी अर्धी घागर घेऊन पळाले. मग ती रोजच येऊ लागली. त्या माणसाची भीती होतीच, पण नवऱ्याला कळेल याची त्याहून जास्त होती. बाईला कुणी शीळ घातली की लोक आधी बाईकडेच बघतात. मी गप्प राहिले.

आठवड्याने ती शीळ नवऱ्याच्याही कानावर पडली. जेवताना त्याने विचारलं, कोण आहे तो. मी माहीत नाही म्हणाले. तो ताटावरून उठला. दोन दिवस अबोला धरला आणि मग म्हणाला, "उद्या पहाटे मी बरोबर येतो. कुणी निघाला, तर परवा तुला धुळ्याला पोचवीन. कायमची."

अंगण झाडायला येणाऱ्या भिल्ल म्हातारीपाशी मी रडले. ती हसायलाच लागली. "माणूस नही शे बाई, पाखरू शे. पानीजोडे ऱ्हास." पाण्याजवळच राहतं, पावसाळ्यातच गातं, उजाडायच्या आधी, ओल्या दगडावर बसतं, धबधब्यामागच्या फटीत घरटं करतं, असं तिने सांगितलं. जवळ माणसाची चाहूल लागली की मुकं होतं, हेही सांगितलं. म्हणजे नवऱ्यासमोर ते गायलंच नाही, तर तो म्हणणार, माणूसच होता, मला बघून पळाला.

पहाटे आम्ही खडकाआड बसलो. कितीतरी वेळ काहीच नाही. तो पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मला श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती. मग शीळ आली. मधल्या दगडावर साळुंकीहून मोठा काळा पक्षी होता. उजेड पडला तसा त्याचा खांदा निळा दिसला.

नवरा मोठ्याने हसला, पक्षी उडाला. त्या दिवशी घागर त्यानेच उचलली. वाटेत मी विचारलं, "आणि खरंच माणूस असता तर?"

तो ऐकून न ऐकल्यासारखा चालत राहिला. तेव्हापासून मला त्याची भीती वाटू लागली, ती पुढे कधी गेली नाही.