तारामासा हजर

मांडवीत कुणालाही विचारा, माझ्याबद्दल एकच सांगतील — हा माणूस गोष्टी सांगतो. लग्नात, बाराव्याला, दाढी करताना. माझ्या गोष्टी लोकांना इतक्या पाठ आहेत की शेवट मी विसरलो तर समोरचा पुरा करतो. पण एक गोष्ट अशी आहे, जी बायकोनेही कधी ऐकलेली नाही. बारा वर्षं झाली. ती आज लिहून काढतो आहे, सांगत नाही. सांगायला बसलो तर मी तिची गंमत करून टाकीन, हे मला पक्कं ठाऊक आहे. हात नाचतील, आवाज निघतील. आणि आवाजानेच तर घात केला.

मे महिन्यात आमच्याकडे मुलांचं शिबिर असायचं. विज्ञान आणि निसर्ग. पाच दिवस, सकाळी लवकर सुरू, ऊन चढायच्या आत घरी. सुनंदाताई ते चालवायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सडसडीत, कडक. सूक्ष्मदर्शक, झाडांची पानं, लिंबू आणि सोड्याचं रॉकेट — हे सगळं त्यांचं. माझं काम काय? मुलांना हसवायचं. मुलं मला गोष्टवाले सर म्हणत. खरं सांगू का, वर्षातल्या बाकी सगळ्या दिवसांपेक्षा मला ते पाच दिवस प्यारे होते. चोवीस मुलं तोंडं उघडी टाकून आपल्याकडे बघतायत — आणखी काय हवं असतं माझ्यासारख्या माणसाला?

ताईंची हजेरीची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला किनाऱ्यावरचा एक जीव मिळायचा. कुणी खेकडा, कुणी कालव, कुणी शंख. शिट्टी वाजली की ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाने आपलं नाव ओरडायचं. चोवीस नावं ऐकू आली की निघायचं. कागद नको, पेन नको, ओल्या हातांनीही होते अशी हजेरी.

सतरावा तारामासा. ती मुलगी नऊ वर्षांची होती. तिचं खरं नाव लिहायचं धाडस मला आजही होत नाही, तिला रेवती म्हणतो. वडील बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरी आई आणि ती. रेवतीचा आवाज फार बारीक. पहिल्या हजेरीला ती 'तारामासा' म्हणाली ते शेजारच्या खेकड्यालाही ऐकू गेलं नसेल. मग मी काय केलं? मी तिच्या वतीने ओरडलो. नाकातून, चिरक्या आवाजात, शेवटचा सा लांबवून — तारामासाऽऽ. मुलं हसून लोळली. तीही हसली, ओढणीसारखा हात तोंडावर धरून. झालं, माझ्या हातात खेळणं सापडलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक हजेरीला मीच. तिसऱ्या दिवशी तर ती बोलायचीच नाही, नुसता हात वर करायची. सोळावा ओरडला की मुलं माझ्याकडे वळायची, मी तारामासा व्हायचो, पुढचा अठरावा. सतराव्या जागेवर माझा आवाज इतका घट्ट बसला होता की तो कुणाला माझा वाटेनासाच झाला.

इथवर सगळं गमतीचं आहे ना? मलाही लिहिताना हसू आलं. म्हणून तर भीती वाटते.

चौथा दिवस समुद्राचा. शहरापासून अर्ध्या तासावर एक खडकाळ किनारा आहे, ओहोटीला तिथे खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं. एकेका खळग्यात अख्खं गाव असतं. ताईंनी तिथी बघून वेळ ठरवली होती. साडेसहाला पूर्ण ओहोटी, साडेसातला सगळ्यांनी वर यायचं, त्यापुढे एक मिनिट नाही. खाडी-समुद्राच्या काठच्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही.

खळगे बघण्यासाठी मी एक खेळ काढला होता. पहारा. प्रत्येकाने एका खळग्यापाशी उभं राहायचं आणि हलायचं नाही. सावलीसुद्धा हलवायची नाही. मग दगड वाटत होता तो खेकडा निघतो, शेवाळ वाटत होतं ते चालू लागतं. मी येऊन डोक्यावर टपली मारली की पहारा उठला. त्याआधी राजा आला, वाघ आला, तरी हलायचं नाही. ही वाक्यं माझी. मी ती फार झोकात म्हणायचो.

स्थिर उभं राहण्यात रेवतीचा हात कुणी धरला नसता. म्हणून सगळ्यांत लांबचा खळगा मी तिला दिला. एका काळ्या खडकाच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी जवळ. शाबासकी म्हणून दिला. स्वतः नेऊन उभी केली.

आणि मग अलीकडे कुणीतरी किंचाळलं. ऑक्टोपस. खरोखरचा, ओंजळीएवढा, रंग बदलणारा. पहारा मोडला. मुलं चारी बाजूंनी धावली, ताई धावल्या, मी तर सगळ्यांच्या पुढे. मग अर्धा तास मी ऑक्टोपस होतो. आठ हात नव्हते, पण मुलांना आठ दिसले असतील. काळ्या खडकाच्या पलीकडे माझ्या टपलीची वाट बघत कुणी उभं आहे, हे त्या अर्ध्या तासात मला एकदाही आठवलं नाही. एकदाही.

साडेसात. ताईंनी शिट्टी मारली. त्या पुढे, मी त्यांच्या मागे, माझ्यामागे मुलांची गर्दी — आम्ही चढणीला लागलो होतो. मी अजून ऑक्टोपसच होतो, मुलांकडे पाठ करून हात वळवळवत चाललो होतो. मागून नावं येत होती. खेकडा. कालव. शंख. सोळावा ओरडला.

आणि मी, मागे वळून न बघता, ओरडलो — तारामासाऽऽ.

चोवीस, चला, असं ताई म्हणाल्या.

वर सुरूच्या बनात मुलांनी डबे उघडले. घावन, पोहे, कुणाच्या डब्यात आंब्याच्या फोडी. मी प्रत्येकाच्या डब्यातलं काहीतरी पळवत फिरत होतो. चटईवर एक डबा तसाच होता. हिरव्या कापडी पिशवीत, गाठ न सोडलेला. मी त्याच्याकडे बघितलं. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. कुणाचा डबा, ती कुठे, का — आणि हजेरीत कोण बोललं.

तेव्हा ओरडायला हवं होतं. ताई पट्टीच्या पोहणाऱ्या. गाडीचा ड्रायव्हर नाटे गावचा, मच्छीमाराचा पोर. एक हाक पुरली असती. मी काय म्हणालो माहीत आहे? "भिंग राहिलं वाटतं खाली. आलोच." आणि हसत, शीळ घालत, सावकाश चालत गेलो. नजरेआड झाल्यावर मग पळालो.

भरती वाजतगाजत येत नाही हो. लोकांना वाटतं लाटा आपटत येत असतील. ती मुकाट्याने येते, खालून, खडकांच्या फटींतून. मघाशी जिथून चालत गेलो होतो तिथे पाणी होतं. काळ्या खडकाच्या अलीकडे घळ भरली होती, आत हिरवंगार पाणी वर-खाली होत होतं. मी खडकावर चढून बघितलं. पलीकडे ती उभी होती. गुडघ्याच्या वर पाणी. मान खाली घालून खळग्याकडे बघत होती — खळगा आता कुठला, सगळा समुद्रच होता. लाट आली की अख्खी हलायची, आणि पुन्हा त्याच जागी पाय रोवायची.

मला पोहता येत नाही. मांडवीत जन्मलो आणि येत नाही. तरी घळीत उतरलो, कमरेला पाणी लागलं, पायाखालचं शेवाळ सरकलं — आणि मी मागे फिरलो. हेही लिहून ठेवतो. मी मागे फिरलो. हाकसुद्धा मारली नाही. हाक मारली तर ती हलेल आणि पडेल, असं मला वाटलं, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ वर्षं सांगत होतो. खरं म्हणजे वर ऐकू जाईल, ही भीती होती.

तिला काढलं ते कालवं काढणाऱ्या एका बाईने. ती पलीकडच्या खडकावर टोपली घेऊन बसली होती. तिने साडी वर खोचली, छातीभर पाण्यातून गेली, पोरीला कमरेवर घेतलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. मला म्हणाली, "काय मास्तर, पोर काय खडकाला बांधून गेल्लाव? दोनदा हाकारली मी. म्हनते, सर टपली मारतील तवा. सर हितं, टपली कवा मारनार, ही बुडल्यावर?"

आणि तिची टोपली वाहायला लागली म्हणून ती तशीच मागे वळली.

रेवती थरथरत होती. ओठ काळेनिळे. माझ्याकडे वर बघून तिने विचारलं, "सर, पहारा उठला?"

टपली मारायला मी हात उचललाही होता. तेवढ्यात वरच्या वाटेवर ताई दिसल्या, धावत येत होत्या. डबा त्यांनीही बघितला होता. माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही. मी मोठ्याने, ताईंना ऐकू जाईल असं म्हणालो, "हजेरी देऊन मागे का पळालीस तू? कुणाला विचारून आलीस?"

हेच ते. याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालत होतो.

पुढचं सगळं आपोआप झालं. ताईंनी सुरूच्या बनात मुलांना विचारलं, रेवतीचं नाव हजेरीत कुणी ऐकलं? सगळ्यांनी हात वर केले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तारामासा सगळ्यांनी ऐकला होता, ताईंनीसुद्धा. तिच्या जोडीचा खेकडा म्हणाला, "अगो, तू बोललीस की. मी ऐकलं ना." रेवती म्हणाली, "मी नाही बोलले. मी तिकडेच होते." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, सर सांगतील. मी तिच्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणालो, "जाऊ दे, लहान आहे."

केवढा मोठ्या मनाचा वाटलो असेन मी सगळ्यांना.

शेवटच्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली, माफी मागायला लावायला. बाईचे डोळे सुजलेले. नवरा समुद्रावर आणि पोरगी समुद्रात जाता जाता राहिली, तिची काय अवस्था झाली असेल? ती म्हणत होती, "कबूल कर गो. चूक केलीस त्याचं नाही, खोटं बोललीस त्याचं वाईट वाटतं मला." चोवीसांपैकी तेवीस मुलं बसली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझे तळवे इतके घामेजले होते की भिंतीवर डाग पडला. आत्ता ती म्हणेल, असं वाटत होतं. आत्ता म्हणेल, तो आवाज सरांचा असतो. साधी गोष्ट होती, कुणीही म्हणालं असतं.

ती खाली बघत म्हणाली, "मी बोलले असेन. मला आठवत नाही."

त्यानंतर शिबिरात ती कधी आली नाही. कालवंवाल्या बाईला कुणी शोधलं नाही, काही विचारलं नाही. मी मात्र त्या किनाऱ्यावर दर वर्षी मुलांना न्यायचो आणि टोपली घेऊन कुणी दिसलं की वाट बदलायचो. पहारा बंद केला. का बंद केला असं ताईंनी विचारलं तेव्हा म्हणालो, मुलांना कंटाळा येतो.

हे सगळं आज का लिहितो आहे? कारण गेल्या आठवड्यात ती भेटली.

औषधाच्या दुकानात बायकोच्या गोळ्या आणायला गेलो होतो. काउंटरमागे एक मुलगी, एकवीस-बावीसची. पिशवी देता देता म्हणाली, "सर, ओळखलंत का? मी तारामासा." मी काउंटर धरला. ती हसत होती. "तुमच्या शिबिरातली आगाऊ पोरगी. हजेरी देऊन पळालेली." दुकानातल्या दुसऱ्या मुलीला तिने सगळी गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. "आमच्या घरात अजून चालू आहे. मी काही सांगितलं की आई म्हणते, हिचं काय खरं धरायचं, ही तारामासा. समुद्रावर तर मला अजून एकटी सोडत नाही."

ती हसली. दुसरी मुलगी हसली. दोघींनी माझ्याकडे बघितलं — आता माझी पाळी, अशा नजरेने. आणि मी काय केलं असेल? बारा वर्षांनी, पांढऱ्या केसांनी, हातात रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन?

मी नाकातून, चिरक्या आवाजात, शेवटचा सा लांबवून म्हणालो — तारामासाऽऽ.

दुसरी मुलगी खो खो हसली. रेवतीही हसायला लागली होती. मग तिचं हसू मधेच थांबलं. मान किंचित वाकडी करून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी खळग्याकडे बघायची तशी. अजिबात न हलता. दगड वाटतो आहे त्यातून काही निघतं का, याची वाट बघत.

मी सुटे न घेता बाहेर पडलो.

त्या दिवशी सतराव्या नावाला तू बोलली नव्हतीस. मी सांगितलं होतं तिथेच, सांगितलं होतं तशीच तू उभी होतीस. बोललो तो मी.