ओहोटीत बुडालेला माणूस

चौतीस वर्षांच्या नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या ठाण्यातला, हे सांगताना मीच अडखळतो. पण खाडीकाठच्या त्या मासळी कारखान्याची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जुलै संपत आला होता. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठायला थोडेच दिवस उरले होते आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांनाच कामाला लागायची घाई होती. बाजारात न खपणाऱ्या मासळीपासून कोंबड्यांचं खाद्य आणि तेल काढणारा एक कारखाना आमच्या हद्दीत होता. बंदीच्या काळात तो बंद असायचा. आता त्याचीही साफसफाई सुरू झाली होती.

एका सकाळी ग्रामीण रुग्णालयातून ठाण्याला खबर आली. त्या कारखान्यातला पस्तिशीचा एक कामगार बेशुद्धावस्थेत दाखल झाला होता. त्याला घेऊन आलेल्या मुकादमाने सांगितलं होतं की नऊच्या सुमारास जेटीवर हातपाय धुताना तो पाय घसरून खाडीत पडला आणि चार सहकाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. बीट हवालदार रुग्णालयात जाऊन आला. खरं सांगायचं तर मीही त्यावर फारसा विचार केला नाही. किनाऱ्यावरच्या ठाण्याला पाण्यात पडलेली माणसं नवी नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी होते न होते तोच त्या कामगाराची बायको ठाण्यात आली. संगमेश्वरकडच्या शेतकरी घरातली बाई. रात्रभर नवऱ्याच्या उशाशी बसून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"सायेब, दवाखान्यात ह्यांची आंगठी कुणीतरी बदलली. माझी तक्रार लिवून घ्या."

तिने पदराची गाठ सोडून अंगठी टेबलावर ठेवली. काळीकुट्ट होती.

"ह्यांची चांदीची होती. काल कामावर गेले तवा पांढरीशिप्प होती. ही कुणाची लोखंडाची माझ्या हातात दिलीनी?"

अंमलदार तिला समजावून घरी पाठवायच्या बेतात होता. मी अंगठी हातात घेतली. आतल्या बाजूला एक अक्षर कोरलेलं होतं. ते नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आहे, हे तिनेच सांगितलं आणि सांगता सांगता अंगठी पुन्हा निरखू लागली. अंगठी तीच होती. मग ती काळी कशी पडली?

ठाण्यासमोर एका सोनाराचं दुकान होतं. त्याने अंगठी घासून पाहिली. खालून चांदी चमकली. "साहेब, सडक्या गटाराच्या वायूत चांदी अशी एका दिवसात काळी पडते," तो म्हणाला. मी तिथूनच रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला फोन करणारच होतो. आणला तेव्हा कपडे ओले होते, पण छातीत पाणी गेल्याची खूण नाही. मला हा वायूचा प्रकार वाटतो."

मी मुकादमाला आणि त्या चार सहकाऱ्यांना ठाण्यात बोलावून घेतलं. मुकादम घाटावरचा, बोलण्यात तयार. त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चौघांना एकेकटं आत घेतलं. पहिल्या दोघांचे जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले. 'हातपाय धुताना पाय घसरून.' चार माणसं एकच प्रसंग पाहतात तेव्हा चार तऱ्हांनी सांगतात. एकाच तऱ्हेने सांगायला लागली की समजावं, कुणीतरी पाठ करून घेतलं आहे.

माझा हवालदार दाभोळच्या मच्छीमार घरातला. तो जबाब लिहिताना थांबला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, काल नऊला पुरी ओहोटी होती. त्या जेटीखाली तेव्हा गुडघाभर चिखल असतो. माणूस पडला तर लडबडेल, बुडेल कसा?"

घाटावरच्या मुकादमाने गोष्ट रचली होती आणि समुद्राला विचारायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर मी एकच प्रश्न विचारायला लागलो. "तो पडला तेव्हा भरती होती की ओहोटी?" तिसरा कामगार माझ्याकडे बघतच राहिला. किनाऱ्यावर जन्मलेला माणूस बाकी काहीही खोटं सांगेल, पण पाण्याबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ रेटत नाही. "ध्यानात नाय," तो कसाबसा म्हणाला आणि मान खाली घालून बसला.

चौथा पन्नाशीचा, अंगाने काटक माणूस होता. बोलताना सारखा खोकत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी भरती-ओहोटीचा प्रश्न बाजूला ठेवला.

"कुठे जायची घाई आहे का?"

त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते.

"सायेब, जेवणाची सुट्टी झाली की टाकीत दोघं उतरणार. त्यातला एक माझा धाकटा भाऊस हाय."

मग सगळं एका दमात बाहेर आलं. कारखान्याच्या आवारात जमिनीखाली मासळीच्या पाण्याची टाकी होती, तीन पुरुष खोल. दोन महिने बंद राहून तळाशी गाळ सडला होता. दरवर्षी हंगामाआधी माणसं आत उतरून तो उपसायची. तोंडाला ओलं फडकं, कमरेला दोर, एवढीच तयारी. आदल्या सकाळी पहिला उतरलेला माणूस तळाशीच कोसळला. हा पन्नाशीचा माणूस श्वास रोखून मागोमाग उतरला आणि त्याच्या कमरेचा दोर काखेत अडकवून त्याला वर पाठवलं. मुकादमाने बेशुद्ध माणसाच्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि खाडीची गोष्ट चौघांकडून पाठ करून घेतली.

"आमची आमची रीत हाय," तो म्हणाला. "कुजक्या अंड्यासारखा वास येतो तोवर बरा. वास येयाचा बंद झाला म्हंजे वायू नाकात भिनला, वर पळायचा. काल त्याला पळायला गावलाच नाय."

मी जीपमध्ये त्याला शेजारी बसवलं. हवालदाराने जवळच्या औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन पथकाला फोन केला. वाटेत माझ्या तोंडून निघून गेलं, "जिवापेक्षा नोकरी मोठी आहे का रे बाबा?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "सतरा वर्षं मुंबैत होतो, सायेब. पोरगी चालायला लागली ती मी बघितली नाय. बापूस गेला तवा पोचलो नाय. ह्या नोकरीत संध्याकाळचा घरी जेवतो. वर्षातनं एकदा टाकीत उतरायचा, बाकी वर्ष घरी. सांगा, काय मोठा नि काय ल्हान?"

मी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं आणि धाकटा भाऊ शिडीवर छातीपर्यंत आत गेला होता. मी ओरडलो, "वर ये!" तो थांबला, पण वर येईना.

"सायेब, तुमी आज थांबवाल. उद्या गेटवर माझा नाव नसला तर तुमी येणार का?"

वर्दीचा धाक दाखवून त्या क्षणी काही होण्यासारखं नव्हतं. पुढे झाला तो थोरला. त्याने भावाच्या कमरेचा दोर धरला, आपल्या मनगटाला दोन घट्ट वेढे दिले आणि टाकीच्या काठावर फतकल मारून बसला.

"नाव माझा पण कापतील. मी पोलिसांना सगळा सांगून आलो. आता उतरायचा तर मला खेचून घेऊन उतर."

धाकट्याने भावाच्या मनगटावरच्या वेढ्यांकडे पाहिलं. मग एक एक पायरी चढत वर आला.

थोड्या वेळाने पथक आलं. त्यांनी वायू मोजायचं यंत्र दोराला बांधून टाकीत सोडलं. निम्म्यावर पोचायच्या आतच ते असं किंचाळायला लागलं की आवारातली कुत्री पळाली. पथकाचा प्रमुख म्हणाला, "साहेब, इथे दोन श्वासांत माणूस आडवा होईल." थोरल्याने मनगटाचा दोर सोडला तेव्हा कातडी सोलून निघाली होती.

टाकी सील झाली, पंचनामा झाला. मालक आणि मुकादम यांच्यावर जीव धोक्यात घालणारा निष्काळजीपणा आणि खोटी खबर देणं या आरोपांखाली गुन्हा नोंदवला. मालकाच्या ओळखीची माणसं ठाण्यात येऊन गेली. चहा पिऊन गेली. दोषारोपपत्र मी मुदतीच्या आत दाखल केलं. आठव्या दिवशी रुग्णालयातल्या माणसाने डोळे उघडले. त्याच्या बायकोने मला निरोप धाडला, "आंगठीची तक्रार मागं घेते."

कारखाना सुरू झाला, पण कारखाना निरीक्षकाच्या लेखी अटींवर. टाकीत हवा सोडणारे पंखे आले, गाळ बाहेरूनच खेचणारा पंप आला. माणसाने आत उतरणं कायमचं बंद झालं. आणि पहिल्या दिवशी मी स्वतः गेटवर उभा राहिलो. धाकट्याने विचारलं होतं ना, येणार का म्हणून? हजेरीपटावर दोघा भावांची नावं होती.

या केसने मला माझ्या प्रश्नांकडे नीट बघायला शिकवलं. तोवर अपघाताच्या जागी गेलो की मी कामगारांना विचारायचो, 'धोका माहीत नव्हता का?' त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. घरची माणसं, गावात राहायची ओढ, हे सगळं एका पारड्यात ठेवून ते मनाशी तोलतात आणि उतरतात. त्यात मूर्खपणा नसतो. पुढच्या प्रत्येक ठाण्यात मी माझ्या अंमलदारांना सांगत आलो, आधी हे विचारा की तो नाही म्हणाला असता तर त्याचं काय झालं असतं. निम्मा तपास त्या उत्तरातच असतो.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी थोरल्याला उलटतपासणीत हाच मुद्दा धरून घेरलं. धोका माहीत असूनही तुम्ही स्वतःच्या मर्जीने उतरलात, खरं की खोटं?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो ताठ उभा होता.

"खरं," तो मालक आणि मुकादमाकडे हात करत म्हणाला. "उतरायचा का नाय, ता माझ्या हातात होता. पंखा लावायचा का नाय, ता ह्यांच्या हातात होता. मी माझा काम केला. ह्यांनी त्यांचा केला नाय."

न्यायाधीशांनी लेखनिकाला थांबवलं आणि ते वाक्य साक्षीदाराच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगितलं. दोन्ही आरोपींना शिक्षा झाली. निकालपत्राची प्रत हाती आली तेव्हा मी आधी ते पान शोधलं. वाक्य तिथे होतं, त्याच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता.