बांधापलीकडचे आंबे

थंडीत आमच्या पेरूच्या बागेत टांगलेल्या डब्यांत एखाददुसरीच फळमाशी सापडते. डब्यातल्या वासाला भुलून ती आत येते आणि मरते. होळीनंतर थोड्या वाढतात. आंबा संपत आला की मात्र डब्याचा तळ काळा दिसतो. आंबे संपल्यावर माशीला जवळचं फळ आमचंच.

गेल्या पावसाळ्यात पेरू कापला की आत अळ्या वळवळायच्या. यंदा नवरा म्हणाला, "आवंदा बी अळी पडनी ते बाग उपटी टाकसू. ऊस लावसू." तो बोलला की करतो. बाग मीच बघते. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. ऊस आला तर मला दिवसभर घरातल्या माणसांत बसावं लागेल.

बांधापलीकडे जेठांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, आंब्याची झाडं आहेत. पडलेले आंबे तसेच सडत होते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मोठा भाऊले मी काय शिकाडू?" जेठांशी आमच्यात बोलायची रीत नाही. लग्नापासून मी त्यांच्यापुढे पदर ओढूनच असते. म्हणून जावेला सांगितलं. ती हसली.

"आम्हना आंबा गोड शेतस, म्हनीसन माशी येस. तूच सांग ना तुन्हा जेठले. मुकी शे का तू?"

शेवटी मीच गेले. निंबाच्या आड उभी राहून म्हणाले, "पडेल आंबा उचलाले लावा ना. माशी मन्हा पेरूवर येस."

जेठांनी आधी आजूबाजूला पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग मान खाली घालून म्हणाले, "बरं माय, पुरी टाकसूत."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आंबे पुरले. पण आमच्या बांधालगतच्या उथळ चारीत. वर वीतभरही माती नाही. अळी मातीतच कोश करते आणि माशी होऊन वर येते; ती येऊ नये म्हणून आंबे खोल खड्ड्यात पुरावे लागतात. पण त्यांनी माझा शब्द राखला होता. आता पुन्हा कोणत्या तोंडाने सांगू?

पावसाची उघडीप झाली त्या सकाळी चारीच्या मातीवर बारीक भोकं दिसली. त्यांच्या कडेला नव्या माशा पंख सुकवत बसल्या होत्या.

आता पेरूवर टाचणी टोचल्यासारखे ठिपके आहेत, माशीने आत अंडी घातल्याचे. नवरा येण्याआधी मी तसे पेरू तोडून पाण्याच्या पिंपात बुडवते. काल जेवताना त्याने विचारलं, "पेरू कमी का बरं दिखी ऱ्हायनात?" मी भाकरी वाढत राहिले.

आज पिंपाचं झाकण बसेना.