बीजेची कोर

भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. दादा गेल्यावरच्या या पहिल्या भाऊबीजेला मीही गच्चीवर जाऊन ओवाळलं आणि ताट रिकामंच खाली आणलं.

कोरेशेजारी शुक्र होता. लुकलुकतो तो तारा, स्थिर असतो तो ग्रह, हे लहानपणी दादानंच शिकवलेलं. मग थंडीतला तो महिनाभर मी चंद्राचीच वाट पाहत राहिले. शुक्राला मागे टाकून तो भरत भरत गुरूपाशी पोचला, नंतर झिजत झिजत दिसेनासा झाला.

काल संध्याकाळी पुन्हा तेवढीच कोर दिसली. मी निरांजन लावलं.

“आई, आज कुठे भाऊबीज?” लेकीनं विचारलं.

“नाही गं,” मी म्हटलं, “पण हा परत आला ना.”